सहा बाटल्यांचे पाणी

नूतनला मी पहिल्यांदा नीट पाहिले ते वर्गात नव्हे, शाळेच्या मागच्या भिंतीपलीकडे. सोनगीरच्या शाळेत तेव्हा मी सातवीला विज्ञान शिकवत होते. मधल्या सुट्टीनंतर हजेरी घेतली तर एक मुलगी कमी. बाकीच्या मुली खिडकीकडे बघून हसू दाबत होत्या, म्हणून मीही तिकडे पाहिले. शाळेच्या भिंतीला लागूनच अभिमन पाटलांचा गोठा आणि गोबरगॅसची टाकी. टाकीवरच्या लोखंडी टोपाला कान लावून त्यांचीच मुलगी उभी होती. मार्चची दुपार, लोखंड चांगलेच तापलेले. चटका बसू नये म्हणून तिने रुमालाची घडी करून कानाखाली धरली होती. मी हाक मारली तरी ती दचकली नाही.

"बाई, मझार कायतरी बोली राह्यनं," ती म्हणाली. आत काहीतरी बोलते आहे.

तिला आणून बाकावर बसवले. बसवले म्हणायचे एवढेच. नूतनला बसणे कधी जमलेच नाही. एक पाय सारखा हलायचा, वेणीचे टोक दातात जायचे, आणि फळ्याकडे पाठ वळली की ती दोन बाके पुढे सरकलेली असायची. चुळबुळ करणारी मुले मी बत्तीस वर्षे पाहिली. बहुतेकांना समोरचे काम नको असते. नूतनला ते हवे असायचे, पण त्याच वेळी तिचे अर्धे मन दुसरीकडे काय चालले आहे याला लागलेले असायचे. मटकीला मोड आणायचा प्रयोग सगळ्या वर्गाला दिला होता. तिच्या मटकीला सगळ्यांत शेवटी मोड आले, कारण दर तासाला फडके सोडून ती आत बघायची.

पुढे तिने धुळ्याला पदवी घेतली, जळगावला सूक्ष्मजीवशास्त्राची पुढची पदवी घेतली, मग तीन वर्षे रावेरकडे केळीची रोपे बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी केली. नोकरी चांगली होती. आई-वडील निश्चिंत झाले होते. एक दिवस ती माझ्याकडे आली, दारातच चप्पल अर्धवट काढून उभी राहिली आणि म्हणाली की तिथे रोज तेच रोप तसेच बनवायचे असते, आणि तसेच बनले की सगळे खूश होतात. मला वाटले, लग्नाचे बोलायला आली असेल. ती सांगायला आली होती की नोकरी सोडून ती जळगावच्या एका संशोधन केंद्रात पीएच.डी.ला नाव घालते आहे. विषय, शेणातले मिथेन तयार करणारे जंतू आणि त्यांचे एक विकर. ती 'एन्झाइम' म्हणते. मला आमच्या पुस्तकातला शब्द सोडवत नाही.

गावात या विषयाची बरीच मजा झाली. पाहायला आलेल्या एका स्थळाच्या आत्याबाईंनी मुलगी काय करते विचारले. नूतनने सरळ सांगितले. आत्याबाई पोह्यांची बशी खाली ठेवून म्हणाल्या, "शेन ते आमना घर बी शे. त्यानासाठे जळगाव कसाले जानं पडस?" शेण तर आमच्याही घरी आहे, त्यासाठी जळगावला कशाला जावे लागते? यावर सगळ्यांत मोठ्याने हसली ती नूतनच. स्थळ तिथेच संपले. तिच्या आईला, बेबाबाईंना, मात्र हसू आले नाही. आणि अभिमन आबा, जे एरवी दिवसाला दहा वाक्ये बोलतात, ते मला म्हणाले की बाई, तुम्हीच तिला त्या दिवशी टाकीपासून ओढून आणले, तिथेच राहू दिले असते तर जळगावचे भाडे वाचले असते.

माझी भाची जळगावला मेहरूणमध्ये राहते. तिच्याकडे गेले असताना एकदा मी नूतनची प्रयोगशाळा पाहिली. एका खोलीत पारदर्शक पेटी, तिला दोन गोल भोके आणि त्यांत बसवलेले कोपरापर्यंतचे काळे रबरी हातमोजे. पेटीतली हवा काढून दुसरा वायू भरलेला. हातमोज्यांत हात घालून आतल्या बाटल्या हाताळायच्या. एका हातमोज्याला सायकलच्या पंक्चरचे ठिगळ लावलेले होते. ते तिने स्वतः लावले होते, आणि दुकानदाराने बाई, कोणत्या गाडीची ट्यूब म्हणून विचारले तेव्हा फार लांबचे उत्तर द्यावे लागेल म्हणून स्कूटीची असे सांगून टाकले होते.

तिने मला जे समजावले ते मी माझ्या शब्दांत सांगते. शेण कुजून गॅस होतो तो टप्प्याटप्प्याने, आणि अगदी शेवटचा टप्पा या जंतूंचा. त्या टप्प्यावर एक विकर काम करते, त्याच्या गाभ्यात निकेलचा एक अणू असतो. हवा लागली की ते विकर ठप्प होते आणि जंतूही तग धरत नाहीत. पाटलांच्या टाकीवरचा लोखंडी टोप उन्हाळ्यात एवढा तापतो, तरी बेबाबाईंची शेगडी मे महिन्यात मंद होत नाही. मग सोनगीरच्या टाकीतल्या जंतूंचे हे विकर इतर ठिकाणच्यापेक्षा जास्त तापमानाला टिकते का? एवढाच तिचा प्रश्न. टाकीतला शेणाचा रबडा नेऊन तिने त्यातले जंतू वेगळे वाढवले होते, एका बाटलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, जवळजवळ चार वर्षे. विकराची मोजणी तीन वेळा, वेगवेगळ्या वेळी करायची होती. दोनदा झाली होती आणि दोन्ही वेळा ते चार अंश जास्त टिकले होते. तिसरी मोजणी तशीच आली की प्रबंध पुरा.

हे सगळे सांगताना तिचे हात हातमोज्यांत होते आणि ते अगदी शांत होते. टेबलाखाली पाय मात्र चालू होता.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलात त्या इमारतीतल्या विजेच्या तारा बदलायचे ठरले. आठ दिवस वीज बंद. बाटल्या उबेत राहायला हव्यात आणि त्यांची उबदार पेटी विजेवर चालणारी. नूतनचे मार्गदर्शक हितेंद्र सर म्हणाले की दोन बाटल्या दुसऱ्या महाविद्यालयात ठेव, दोन माझ्या घरी दे. तिने ऐकले नाही. सहाच्या सहा थर्माकोलच्या खोक्यात घालून, खोके मांडीवर घेऊन ती एस.टी.ने सोनगीरला आली. एप्रिलात सोनगीरचे घर म्हणजे बिनविजेची उबदार पेटीच, असे तिचे म्हणणे, आणि ते खोटे नव्हते. पण खरे कारण वेगळे होते. त्या बाटल्या कुणाच्या हवाली करायची तिची छाती नव्हती. हे ती आता स्वतःच सांगते.

मागच्या खोलीत, गव्हाच्या कोठीआड, अंधारात तिने बाटल्या मांडल्या. जाड रबरी बुचे, वरून तारेने आवळलेली. आईला एकच सांगितले, हात लावू नको. का ते सांगितले नाही. रोज सकाळी ती बुचात सुई टोचून आत साठलेला गॅस थोडा सोडायची. खोलीभर सडक्या अंड्याचा वास पसरायचा. बेबाबाई दारात उभ्या राहून नाकाला पदर लावून बघायच्या.

त्याच आठवड्यात बेबाबाईंनी कुरडयांसाठी गहू भिजत घातला होता. ज्यांनी कुरडया केल्या आहेत त्यांना सांगायला नको. गहू तीन दिवस भिजतो, रोज सकाळी जुने पाणी ओतून नवे घालायचे. एक दिवस चुकले तर असा वास मारतो की सगळा घाट वाया. पाणीही हलक्या हाताने ओतायचे, खाली बसलेले ढवळायचे नाही. वाटून गाळल्यावर चीक भांड्याच्या तळाशी बसतो तेव्हाही तेच, वरचे पाणी तेवढे निघाले पाहिजे. बेबाबाईंचा या कामातला हात गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही सगळ्या चीक त्यांना दाखवूनच शिजवायला घेतो.

गहू वाटायच्या दिवशी नूतनला धुळ्याला जावे लागले. एका महाविद्यालयात शिकवण्याच्या जागेची चौकशी करायची होती. ती पहाटेच्या गाडीने गेली आणि दिवे लागल्यावर परतली. दमून जेवली आणि गच्चीवर जाऊन पडली. बाटल्या बघितल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी चीक शिजवायचा होता, म्हणून मी उजाडतानाच त्यांच्याकडे मदतीला गेले. चुलीवर पाणी ठेवले होते, बेबाबाई मीठ-हिंग काढत होत्या. मागच्या खोलीतून नूतन हातात एक बाटली घेऊन आली. उजेडात धरली. बाटलीतल्या पाण्यात एक रंग घातलेला असतो. हवा नसेपर्यंत तो दिसत नाही, हवा लागली की गुलाबी होतो. हे तिने मला जळगावला दाखवले होते. बाटलीतले पाणी गुलाबी होते. ती आत गेली, दुसरी आणली. मग तिसरी. सहाही बाटल्या तिने ओट्यावर ओळीने ठेवल्या. तारा पुन्हा नीट आवळलेल्या होत्या, एकसारख्या, पिळाची टोके आत वळवलेली. एवढ्या नेटकेपणाने तर ती स्वतःही आवळत नसे.

बेबाबाईंनी मागे वळून पाहिले आणि सहज म्हणाल्या, "काल तू नव्हती ना, मंग मीच पानी बदली टाकं. भलता वास मारी राह्यन्तं. खाले बसेल काहीच ढवळू दिधं नही."

तू नव्हतीस म्हणून मीच पाणी बदलले. खाली बसलेले जराही ढवळू दिले नाही.

मला वाटले, आता ही ओरडेल. तेवढ्यात पाणी उकळले. चीक वैरायची वेळ झाली होती, आणि तो काही कुणासाठी थांबत नाही. बेबाबाईंनी हाटायला घेतले, मी धार धरली. चीक शिजल्यावर नूतनने सोऱ्या उचलला आणि गच्चीवर गेली. गरम चीक सोऱ्यात भरायचा आणि दाबत गोल फिरवायचा. दोन तास ती एकटी दाबत होती. ना मला हात लावू दिला, ना आईला. इतक्या वर्षांत एका जागी एवढा वेळ बसलेली ती मला तेव्हाच दिसली. तळहात लाल झाले होते.

आम्ही खाली आल्यावर बेबाबाईंनी मला बाजूला घेऊन विचारले की काय बिघडले. मी सांगितले. मला सांगायला फार जड गेले. त्या ऐकून घेत होत्या आणि ओट्यावरच्या बाटल्यांकडे बघत होत्या. मग नूतनजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"तुन्ही चूक नही, माय," नूतन म्हणाली. "मी तुले सांगंच नही."

त्याच दुपारी ती बाटल्या घेऊन जळगावला गेली. वीज अजून आली नव्हती. ती तिथे आवारात बाटल्यांचे खोके उन्हात आणि सावलीत हलवत बसायची. त्या दिवसांत तिचा फोन यायचा तो चालत चालत बोललेला. मागे रिक्षा, भोंगे, कुत्री. तिने बाटल्यांत हवा शोषून घेणारे क्षार घातले होते. पाच बाटल्या तशाच राहिल्या. सहावीतला गुलाबी रंग नवव्या दिवशी गेला, आणि एकोणिसाव्या दिवशी बुचात सुई घातली तर गॅस आला.

हितेंद्र सरांना केवढा आनंद झाला. ते दुष्ट गृहस्थ नव्हेत. चार वर्षे त्यांचीही गेली होती, निवृत्ती दीड वर्षावर आली होती आणि नूतन त्यांची शेवटची विद्यार्थिनी. त्यांनी सांगितले की वाढू दे आणि तिसरी मोजणी उरकून टाक. जुलैअखेर प्रबंध देऊ. तिने मोजणी केली. विकर चार नव्हे, सहा अंश जास्त टिकले.

त्या आठवड्यात ती सोनगीरला आली आणि माझ्या ओसरीवर येरझारा घालू लागली. चहा ठेवला, तो तिने उभ्यानेच घेतला. खांबाला हात लावायची, परत फिरायची. मग म्हणाली, "बाई, आकडा फार चांगला आलाय. म्हणूनच बसवत नाही."

तिचे म्हणणे मला हळूहळू कळले. बाटलीत आईने माठातले पाणी घातले होते. माठात नळाचे पाणी, नळाला कधी टाकीचे, कधी विहिरीचे. आईच्या हाताला दिवसभर गोठ्यातले शेण. मग एकोणिसाव्या दिवशी जे जागे झाले ते चार वर्षे वाढवलेलेच जंतू होते की त्या दिवशी आत शिरलेले दुसरेच कुणी, हे कसे सांगायचे? तपासायला पुण्याला नमुना पाठवता आला असता, पण आधीच्या शुद्ध बाटलीतले काही मागे ठेवलेलेच नव्हते. तुलना कशाशी करणार? सहाव्या बाटलीत कोण होते हे कुणालाच कळणार नव्हते. तिलाही नाही.

हे तिने सरांना सांगितले होते. सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले, असे ती म्हणाली. मग शांतपणे म्हणाले, "नूतन, बाटलीवर नाव तेच आहे ना?"

ओरडून बोलले असते तर बरे झाले असते, असे ती मला म्हणाली.

मी तिला सल्ला दिला नाही. तिने मागितलाही नव्हता. ती ओसरीवर चालत राहिली आणि चालता चालताच घरी गेली. पुढचे मला बेबाबाईंकडून कळले. घरी जाऊन तिने आईला सांगितले की मी हे सगळे लिहिणार आहे. कोणत्या तारखेला बाटल्या उघडल्या गेल्या, कशा उघडल्या गेल्या, कोणते पाणी आत गेले. लिहिले की तिसरी मोजणी रद्द होते, परत टाकीपासून सुरुवात, आणि मुदत वाढवून घ्यावी लागेल. बेबाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी विचारले, "मन्हं नाव लिखशी का तठे?"

नूतन म्हणाली, नाव नाही लिहीत. घरातल्या व्यक्तीने, एवढेच लिहीन.

"लिख ना," बेबाबाई म्हणाल्या. "व्हयनं ते व्हयनं. खोटं कसाले लिखानं?" झाले ते झाले.

हे मला सांगताना बेबाबाईंच्या डोळ्यांत पाणी आले, आणि लगेच त्यांनी विषय बदलून यंदा गहू कसा निघाला ते काढले.

त्या जूनमध्ये नूतनने टाकीतला रबडा पुन्हा घेतला. अभिमन आबांनी बांबू धरला होता. आता गोठ्यात दोनच गाई, गॅस पूर्वीसारखा येत नाही. घरात सिलिंडर आहे, टाकीच्या गॅसवर आंघोळीचे पाणी तापते एवढेच. तरी आबांनी टाकी बुजवली नव्हती. शेवटची बाटली भरल्यावर ते म्हणाले की आता या घरी आणू नको, आणि आणल्या तर माझ्या खाटेखाली ठेव, तुझी आई तिथे झाडूही मारत नाही. बेबाबाईंनी ऐकले आणि आतून एक पळी वाजवली.

नवी वाढ बसायला वर्षाच्या वर लागले. शिष्यवृत्तीची मुदत मध्येच संपली. हितेंद्र सर निवृत्त झाले. पण त्यांनी मुदतवाढीच्या अर्जावर सही केली आणि निवृत्तीनंतरही मार्गदर्शक म्हणून नाव काढून घेतले नाही, हेही लिहायला हवे. या वेळी नूतनने दोन बाटल्या त्यांच्याच घरी ठेवल्या. त्यांच्या पत्नीला काय करायचे, काय करायचे नाही आणि का, हे तिने अर्धा तास बसून समजावले. बसून, असे ती मुद्दाम म्हणाली.

गेल्या दिवाळीनंतर नवी मोजणी झाली. विकर दोन अंश जास्त टिकले. दुसऱ्यांदा दीड. म्हणजे खानदेशच्या उन्हाचा परिणाम असलाच तर तो एवढासाच, कदाचित नसेलही. जुने चार अंश कुठून आले होते, तिला सांगता येत नाही. सहा अंशांबद्दल तर ती बोलतच नाही. प्रबंधाचा सगळा जोर ज्यावर होता ते लहान झाले. मी विचारले, वाईट वाटते का. ती म्हणाली की वाटते, आणि उठून माझ्या खिडकीची कडी, जी वर्षानुवर्षे सैल आहे, ती पेचकस मागून घट्ट करायला लागली.

अजून दोन प्रकरणे लिहायची आहेत. तिसरी मोजणी या पावसाळ्यात होईल. तिचे वय तेहेतीस. ती धुळ्याला देवपूरमध्ये एका खोलीत राहते, एका महाविद्यालयात तासिकेवर आठवड्याला नऊ तास शिकवते, आणि दर शनिवारी सकाळच्या एस.टी.ने बाटल्या बघायला जळगावला जाते.